गोधडीसाठी मशीन निवडताना

प्रश्न : लुगड्यांच्या गोधड्या आजवर हातानेच शिवत आले. आता ऑर्डरी येतात, त्यात तुकडे जोडून केलेल्या, मध्ये कापसाचा थर असलेल्याही असतात. घरात जुनं काळं पायमशीन आहे. दुकानदार 22 टाक्यांचं ऑटोमॅटिक घ्या म्हणतात. घेऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : टाक्यांचा आकडा बघून मशीन घेऊ नका. गोधडीला लागतो तो सरळ टाका. वरून कापडाची फुलं-पानं लावायची असतील तर झिगझॅग. बाकीचे टाके वर्षभर तसेच पडून राहतात.

लुगड्याचे चार-पाच थर आणि सरळ ओळी, एवढंच काम असेल तर तुमचं पायमशीन उत्तम आहे. सरळ टाक्याच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरतंच बारीक भोक असतं, त्यामुळे विरलेलं लुगडं आत ओढलं जात नाही. झिगझॅगच्या पट्टीचं भोक रुंद असतं आणि जुनं कापड नेमकं कोपऱ्यावर त्यात अडकतं. सुई 14 नंबरची लावा, थर वाढले तर 16. टाका इंचाला 8 ते 9 ठेवा. त्याहून बारीक टाका घातला की जुन्या कापडाला भोकांची रांग पडते आणि ते त्याच रेषेवर फाटतं.

खरी अडचण येते कापसाच्या थराची. पट्टीतून वर येणारे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचं प्रेशर फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) मागे रेंगाळतं आणि ओळीच्या शेवटी चुण्यांचा ढीग होतो. आधी फूटच्या दांड्यावरचा स्क्रू सैल करून दाब कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर वॉकिंग फूट घ्या, तो वरचं कापडही सोबत चालवतो. त्याचा काट्यासारखा दांडा सुई आवळायच्या स्क्रूवर बसतो आणि त्यासाठी तो स्क्रू उजवीकडे असावा लागतो. जुन्या मशीनवर तो बसेलच असं नाही, म्हणून मशीनच्या मापाने बघूनच घ्या.

नवं मशीन घ्यायचंच झालं तर सुईपासून उजव्या खांबापर्यंतची मोकळी जागा टेपने मोजा. घरगुती मशीनला ती बहुधा साडेसहा-सात इंच असते. 60 इंच रुंदीची गोधडी मधल्या ओळीपासून शिवायला घेतली की उजवीकडे 30 इंच येतात. कापसासकट पाव इंच जाडी धरली तर त्याची सैलसर गुंडाळी चार इंचांची होते, म्हणजे हात फिरवायला अडीच-तीन इंच उरतात. 90 इंची डबलबेडची गुंडाळी पाच इंचांच्या घरात जाते. सरळ ओळी त्यातही निघतील, वेलबुट्टी निघणार नाही. एक बाजू झाली की गोधडी उलट फिरवून पुन्हा मधूनच सुरुवात करायची. कडेकडून आत शिवत गेलात तर मध्ये फुगा राहतो आणि तो नंतर बसवता येत नाही.

वेलबुट्टीसाठी कापड हातांनीच फिरवायचं असतं, म्हणून दाते खाली घेता आले पाहिजेत किंवा त्यांवर झाकणपट्टी बसली पाहिजे. सोबत डार्निंग फूट हवा, म्हणजे कापड हवं तसं फिरू देणारा पाय. पायमशीनवरही हे जमतं, कारण दोन्ही हात मोकळे असतात. हातमशीनवर एक हात चाकात गुंततो. कारखान्यातलं एकसुई मशीन जागेला ऐसपैस आणि जाड थरांना दणकट, पण त्याचे दाते सहसा खाली जात नाहीत. सरळ ओळींच्याच ऑर्डरी घेणार असाल तर ते जरूर बघा, मात्र सर्व्हो मोटरचं, तिचा वेग हवा तेवढा कमी ठेवता येतो. क्लच मोटर एकदम पळते, नव्या हाताला आवरत नाही.

दुकानात जाताना आपला नमुना न्या : 12 इंची चौकोन, तिन्ही थर आणि आडवी जाणारी एक जाड शिवण. दुकानदाराच्या नव्या कोऱ्या कापडावर प्रत्येक मशीन छानच चालतं. आपल्या शिवणीवरून जाताना टाका सुटतो का, ते स्वतः शिवून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे लूप दिसले तर वरचा दोरा टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांत नीट बसलेला नाही. प्रेशर फूट वर उचलून पुन्हा ओवून घ्या आणि मगच मशीनला नाव ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात मशीन जड चालतं, खोबरेल घालूनही सुटत नाही. कापडावर तांबूस डागही पडतात.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खोबरेल आधी बंद करा. ते सुकून चिकट होतं, त्यात कापसाची धूळ बसते आणि मशीन आणखी आवळतं. मोटर असेल तर प्लग काढा. तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, चाक हाताने फिरवा, सुटलेला मळ पुसून घ्या. मग प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे दोन थेंब. हे विसरू नका, रॉकेलने उघडं पडलेलं लोखंड खाऱ्या हवेत लगेच गंजतं. त्यानंतर चिंधीवर पाच मिनिटं शिवा, जास्तीचं तेल तीच शोषेल.

डाग बहुधा सुई, पट्टी आणि बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीच्या) गंजाचे असतात. काम संपलं की सुई काढून तेलाच्या फडक्यात ठेवा आणि गंजकी दिसली तर फेकून द्या. झाकायला जाड सुती कापड घ्या, प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. पायमशीनचा चामडी पट्टा दमट हवेत सैल पडून घसरतो. पाव-अर्धा इंच कापून क्लिप पुन्हा लावा.