फवारा मारूनही गोठ्यातल्या माश्या का हटत नाहीत?

पाऊस सुरू झाल्यापासून माश्यांबद्दल रोज विचारणा होते आहे आणि गोंधळ बहुतेकांचा तोच आहे.

प्रश्न : घरमाशी गाईला चावते का?
नाही. तिची सोंड टोचणारी नसते.

प्रश्न : मग धार काढताना गाय सारखी पाय का आपटते? माश्या तर घरातल्यासारख्याच दिसतात.
दिसतात तशाच, पण ही चावरी माशी वेगळी. हिची सोंड डोक्यापुढे सुईसारखी सरळ निघालेली असते. ती मुख्यतः पायांच्या खालच्या भागावर बसते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. पोट भरले की भिंतीवर, खांबावर जाऊन बसते. त्यामुळे गाईच्या अंगावर चार दिसल्या, तरी गोठ्यात कितीतरी जास्त असतात.

ही जन्मते कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. गव्हाणीखाली सांडलेली, मूत्राने भिजून कुजलेली वैरण आणि तिच्यात कालवलेले शेण, तिथे ती अंडी घालते. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत नवी माशी तयार! तुमचा फवारा उडणाऱ्या माशीला लागतो. ओल्या थराखालच्या अळ्यांना काहीच होत नाही. म्हणून आधी फावडे घ्या. शेण रोज उचला, उष्टी वैरण आठवड्यातून दोनदा तरी कोपऱ्यांतून खरवडून काढा, मूत्राची नाली वाहती ठेवा, उकिरडा लांब नेऊन झाका. 2022 मध्ये लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग राज्यभर पसरला, त्यात चावणाऱ्या कीटकांचा मोठा वाटा होता. तरी आजही उकिरडे गोठ्याला खेटूनच आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : शेजारी कपाशीवरचे औषध पाण्यात मिसळून जनावरांना लावतात. आम्हीही लावावे का?
अजिबात नाही! ते कातडीतून भिनते, जनावर अंग चाटते, आणि विषबाधा होते. लाळ गळू लागली, अंग थरथरले, तर लगेच दवाखाना गाठा. जनावरांसाठीचेच औषध, तेही पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत वापरा. किती दिवस दूध काढून टाकायचे तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : आवाजाने माश्या पळवणारे यंत्र घ्यावे का?
नको. विकणाऱ्याचाच फायदा.

प्रश्न : कडुनिंबाचा धूर?
तेवढ्यापुरत्या पळतात. बंद गोठ्यात वासरांना धाप लागते, तिथे करू नका.

प्रश्न : बैलाच्या खांद्याच्या जखमेत अळ्या पडल्या आहेत. चार दिवस हळद भरतो आहोत.
चार दिवस कशाला थांबलात? काही माश्यांच्या अळ्या जिवंत मांस खात खोल जातात. वरून भरलेली हळद तिथवर पोचत नाही. बैल कामाला जुंपू नका आणि पशुवैद्यकाला आजच बोलवा.