एवढं डोकं उघडलं आणि तापाची गोळी?

न्यूरोसर्जरी म्हणजे मेंदू-मणक्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात गेलं की नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला, एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि दुखण्यावर नुसतं पॅरासिटामॉल, शेजारच्या मणक्याच्या पेशंटला मात्र स्ट्राँग इंजेक्शन!

मागे एका ताईंच्या मिस्टरांच्या मेंदूतली गाठ काढली होती आणि त्या रोज सिस्टरांशी भांडायच्या. त्यांना समजावलं, की खुद्द मेंदूला दुखत नाही, दुखतं ते डोक्याची कातडी, स्नायू, मेंदूवरचं आवरण, आणि पहिले दोन दिवस जास्त. मॉर्फिनसारख्या स्ट्राँग औषधाने गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि डॉक्टर तर शुद्ध नि बाहुल्या बघूनच आत काही बिघडलंय का ते ताडतात. शिवाय श्वास मंदावला तर मेंदूवरचा दाब वाढतो. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं दुसरं औषध, त्याने उलट्या होतात, फिटचा धोका वाढतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती, म्हणून सुरुवातीला बरेच सर्जन टाळतात.

ताईंना पटलं, पण भांडण चालूच. भीती नुसत्या माहितीने जात नाही हे माझं जुनं मत, तिच्या मागे कोणता समज बसलाय तो शोधावा लागतो.

मग मिस्टरांना विचारलं, 0 ते 10 मध्ये किती दुखतंय? ताईंकडे बघत म्हणाले, "3." ताई चहाला गेल्या तसं परत विचारलं. "7 असेल मॅडम. पण खरं सांगितलं की ही सगळ्यांशी भांडते."

दुसऱ्या दिवशी तेच त्यांना ताईंसमोर बोलायला लावलं. ताई बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "मला वाटायचं साधं औषध म्हणजे ह्यांच्याकडे कुणाचं लक्षच नाही." मला हेच हवं होतं! तुलना औषधांची चाललीच नव्हती, काळजीची चालली होती. आणि त्या भांडणापायी खरा आकडा डॉक्टरांपर्यंत पोचतच नव्हता. तो कळल्यावर त्यांनी पॅरासिटामॉल दर 6 तासांनी ठरवून दिलं आणि फारच दुखलं तर लक्ष ठेवून मॉर्फिनचा छोटा डोस.

तर पेशंटचा आकडा पेशंटलाच सांगू द्या, आपण मध्ये बोलू नका. दुखणं वाढेपर्यंत थांबू नका, ठरल्या वेळी औषध घ्या. घरी गेल्यावर सर्दीची गोळी घेतानाही आत पॅरासिटामॉल आहे का बघा, मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर नाही, लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. आणि डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या, गुंगी, फिट, ताप किंवा टाक्यातून पाणी आलं तर गोळी बदलत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.