द्राक्षगर्भ: पिशवी साफ झाली, तपासणी संपली नाही

सुनेला तिसरा महिना होता. अंगावरून काळपट रक्त जायचं, उलट्या थांबेनात. सोनोग्राफीत बाळ नाहीच, नुसते द्राक्षांच्या घडासारखे फोड. शेजारणी म्हणतात, पपई खाल्ली असेल, नाहीतर बाहेरचं काही लागलं. (सासूबाई, पुसद तालुका)

पपईही नाही अन् बाहेरचंही नाही. हा द्राक्षगर्भ. यातल्या पूर्ण प्रकारात आईची गुणसूत्रं बीजात उरतच नाहीत, बापाचीच ४६ भरतात. मग बाळ धरत नाही, वार तेवढी फुगत जाते. सुनेला बोल लावायचा तर हिशेब उलटा पडेल बघा! पण मुलालाही लावू नका, हे कुणाच्या हातातलं नसतं. पिशवी सक्शनने साफ करून घ्या, तीही रक्त चढवायची सोय असेल तिथेच. निघालेलं मांस तपासणीला पाठवायला सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा.

पिशवी साफ झाली, रक्त थांबलं. आता कापूस वेचणी सुरू आहे अन् डॉक्टर दर आठवड्याला रक्त तपासायला बोलावतात. रोजी बुडते. गरज आहे का? (राळेगाव)

आहे. पूर्ण द्राक्षगर्भानंतर १०० मधल्या १५ ते २० जणींत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. ते कळतं फक्त बीटा एचसीजीच्या, म्हणजे वारेच्या पेशी रक्तात सोडतात त्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) आकड्यावरून. आकडा उतरत गेला तर ठीक. अडकला किंवा चढला, तर औषधं लागतात. आकडा सलग ३ आठवडे नॉर्मल आला की महिन्याला एक खेप पुरते, साधारण ६ महिने. सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी मागचा रिपोर्ट घरी विसरतात.

तोवर पाळणा लांबवायला गोळ्या चालतील?

चालतील. तांबी मात्र आकडा नॉर्मल होईपर्यंत नको. मध्येच दिवस गेले तर आकडा कशाने चढला ते कळणार नाही. पुढचं बाळ बहुतेक जणींना नीट होतं. पुन्हा द्राक्षगर्भ होतो तो १०० मध्ये एखाद-दुसरीला.

बाळंतपणाला ५ महिने झाले, बाळ चांगलं आहे. मधूनमधून अंगावरून जातं, आता खोकल्यात रक्त येतं. टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. (धानोरा, गडचिरोली)

ताई, हे पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली. क्वचित का होईना, सुखरूप बाळंतपणानंतरही वारेच्या पेशींचा कॅन्सर होतो आणि तो आधी फुफ्फुसात जातो. आजच आशाताईंकडून निश्चय किट (दिवस गेलेत का ते पाहायची पट्टी) घेऊन लघवी तपासा. या पेशीही तेच एचसीजी सोडतात, म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आली तर नुसते ‘दिवस गेले’ समजून घरी बसू नका. आली नाही तरी खोकल्यातलं रक्त दाखवायलाच हवं. बीटा एचसीजी, सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे करून घ्या. गरज पडली तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं हॉस्पिटल गाठा. घाबरू नका, यावर औषध आहे: १९५६ मध्येच अमेरिकेत मेथोट्रेक्सेट या औषधाने हा कॅन्सर पसरलेल्या बायका बऱ्या झाल्या होत्या. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेचं तिथे विचारा. रक्त जास्त जाऊ लागलं तर वाट न पाहता १०८ लावा.