मस्टरवर नसलेली माणसं

पुणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. तिथल्या बाकावर बसून ते दोनदा वाचलं. सरकारात नियोजनाचं काम मिळालं, फार बरं वाटलं. आर्थिक वाढीचा वाटा सगळ्यांपर्यंत कसा पोचेल, हा विषय तुझ्या टेबलावर आला आहे आणि सुरुवात कुठून करू असं तू विचारलं आहेस. वाचायची यादी तुझे वरिष्ठ देतील, लांबलचक देतील. मी तुला फक्त एक वही उघडायला सांगणार आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरीवही, जिला मजुरांपासून तहसीलदारापर्यंत सगळे मस्टर म्हणतात.

या योजनेची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात हा प्रयोग करून पाहिला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. तेव्हा मी शाळेत होतो. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव आणि सुकडीचा वास अजून आठवतो. 1973 च्या मे महिन्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती. दुष्काळ सरल्यावर ही कामं गुंडाळून ठेवता आली असती. महाराष्ट्राने तसं केलं नाही. 1977 साली कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर 2005 साली आला.

या कायद्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगतो. गरीब कोण, हे त्यात कुणीही ठरवत नाही. दाखला नको, यादी नको, सरपंचाची शिफारस नको. गावातल्या कुणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागायचं आणि सरकारने ते 15 दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. भर उन्हात माती उपसायला जो आपल्या पायाने येतो, त्याच्या गरजेचा आणखी पुरावा कशाला हवा? मजुरी कामाच्या मापावर, आणि बाई-पुरुषाला दर एकच. शेतात बाईला कायम कमी रोज मिळायचा. त्यामुळे या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. हे कुठल्या महिला धोरणामुळे झालं नव्हतं, दरपत्रकामुळे झालं होतं. तू धोरणाचे मसुदे लिहिशील तेव्हा प्रस्तावनेवर चार दिवस घालवू नकोस, दरपत्रकावर घालव.

पैसा कुठून आला, तेही बघून ठेव. शहरातल्या पगारदारांवर 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला आणि तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. तुझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातील, त्याची मुळं इथे आहेत. राज्यघटनेने या कराला वर्षाची मर्यादा घातली आहे. ती 1988 च्या घटनादुरुस्तीत 250 वरून 2500 रुपये झाली. महिन्याला 200 प्रमाणे 2400 होतात, म्हणून फेब्रुवारीत ते वरचे 100. शहराने खेड्यासाठी कर भरायचा, हे राजकारणात कसं पचलं? मुंबईकराला गावाकडचे लोंढे नको होते, बागायतदाराला पाझर तलाव हवा होता आणि मजुराला काम. तिघांचे हेतू वेगळे, पण कायदा एक. निखळ परोपकारावर उभी राहिलेली योजना मी टिकलेली पाहिलेली नाही. त्यामुळे ज्यांच्या खिशातून पैसा जाणार त्यांना यात काय मिळतं, हे आधी शोध. लाजू नकोस.

आता माझी चूक. ती मी वर्गात कधी सांगितली नाही.

1988 साली हमीची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाला जोडली गेली आणि जवळजवळ दुप्पट झाली. मी तेव्हा तिशीतला संशोधक होतो. मजूर दिवसांचे (एका मजुराचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मजूर दिवस) आकडे हातात आले तर काय, ते घसरत घसरत निम्म्याच्या आसपास आलेले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. मी टिपण लिहिलं: पाऊस झाला, शेतात काम मिळालं, हमीची गरज कमी झाली. वाक्य गुळगुळीत होतं, वरिष्ठांना आवडलं. मीही स्वतःवर खूश होतो.

नंतर वेगळ्याच कामासाठी बीड जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हातारीला, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, हल्ली हमीवर जात नाही का? ती म्हणाली, "जायला काम तर निघू दे. साहेब म्हणतो, पन्नास माणसं आण. आणली, तर म्हणतो, मंजुरी नाही." कमीत कमी 50 मजूर असतील तरच नवं काम काढायचं, असा नियम तेव्हा होता. वाडीवस्तीवर 30 माणसं गरजू असली तर ती गरज सरकारी हिशेबात शून्य. आणि मजुरी दुप्पट झाली तरी तिजोरी दुप्पट झाली नव्हती, म्हणून कामं निघायचीच थांबली होती. मागणी घटली नव्हती, दार बंद झालं होतं. 1993 साली मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी आकडेशास्त्राने नेमकं हेच दाखवलं. मजुरीवाढीनंतर हमी खऱ्या अर्थाने हमी उरली नव्हती, कामाचं रेशनिंग होऊ लागलं होतं. त्यांचा निबंध वाचताना माझे कान तापले. ती म्हातारी मला ते एका वाक्यात सांगून मोकळी झाली होती.

यातून मजुरी वाढवायला नको होती, असा अर्थ काढू नकोस. तो अर्थ काढणारे तुला पुष्कळ भेटतील आणि ते टाय लावून येतील. मजुरी वाढवलीस तर निधीही त्याच हिशेबाने वाढव. नाही तर वाढ कागदावर राहते आणि ओझं सर्वात दुबळ्या माणसावर पडतं, कारण काम अपुरं असलं की मुकादम आधी आपल्या माणसाला बोलावतो.

म्हणून मस्टर बघताना त्यावर कोण आहे हे बघच, पण कोण नाही त्याचा छडा लाव. तुझ्या संगणकावर 'मागणी' नावाचा रकाना असेल. काम मागायला आलेल्या माणसाचा अर्जच घेतला नाही, पोच दिली नाही, तर तो रकाना रिकामा राहतो आणि मुंबईत बसलेल्याला वाटतं, गावात आबादीआबाद आहे.

मापाचंही तसंच. मातीकामाचा दर जमिनीच्या प्रकारावर ठरतो. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक. दिवसभर कुदळ चालवून मुरूम फोडला आणि अभियंत्याने वहीत माती लिहिली, तर घाम तेवढाच, मजुरी कमी. वाढीचा वाटा कुठे गळतो याचा शोध पुष्कळदा या एका शब्दापाशी संपतो. एकदा तरी माप घेताना टेपचं दुसरं टोक तू धर.

मग प्रश्न येतो, त्या घामातून जे उभं राहिलं ते कुणाचं? पाझर तलाव झाला की खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढतं. ज्याची विहीर त्याचं पाणी. 1990 पासून हमीच्या पैशातून फळबागा लागल्या, कोकणात आंबा-काजू आणि देशावर डाळिंब. माझ्या मते ते राज्याच्या चांगल्या निर्णयांपैकी एक आहे, कारण लहान शेतकऱ्याच्या माळावर कायमची मालमत्ता उभी राहिली. पण खड्डे खणणाऱ्या भूमिहीनाला मजुरी मिळाली, झाड मिळालं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, टिपणात दोन्ही लिही. एक गाळून दुसरी लिहिण्याचा आग्रह होईल, कधी या बाजूने, कधी त्या.

सहकारी साखर कारखान्यांकडेही याच डोळ्यांनी बघ. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जे उभं केलं, ते मला आजही थक्क करतं. आपल्याकडे प्राध्यापक शेतकऱ्यांच्या सभेत बसून कारखान्याचा हिशेब मांडतो, हे किती वेळा घडलं? ऊस लावणारा शेतकरी तिथे सभासद झाला, मालक झाला. ऊस तोडणारा मात्र सभासद नव्हता. तो बीडहून, पाथर्डीहून येतो. नवरा-बायको मिळून त्याचा एक कोयता होतो आणि मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. हमीची मजुरी केलेल्या कामाची, आणि तीही उशिरा. उचल आधी आणि एकरकमी. घरात लग्न किंवा आजारपण निघालं तर माणूस कुठे जाईल? आम्ही वर्षानुवर्षं हमीच्या दराची तुलना शेतमजुरीशी करत बसलो. हमीची खरी स्पर्धा उचलीशी होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर तुला पहिलं काम देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास रजा काढ आणि शिरूर कासार, पाटोदा, धारूर या बाजूला जा. गाड्या भरून कोयते निघतात, तेव्हा तिथे उभी राहा. सर्वेक्षणाचा फॉर्म नको. दहा-बारा बायकांना एवढंच विचार, गेल्या वर्षभरात काम मागितलं होतं का, कुणाकडे मागितलं आणि तो काय म्हणाला. शब्द त्यांचेच उतरव, त्यांचं सरकारी मराठी करू नकोस. त्यानंतर त्या गावाचं मस्टर काढ आणि दोन्ही कागद शेजारी ठेव.

आणि मला पत्रच लिही. डॉक्टरने पुढच्या दातावर कॅप बसवली आहे, बोलताना शिट्टी वाजते, त्यामुळे फोन सध्या बंद.

तुझा,
सर