परसबागेतली कीड : फवाऱ्याआधी पान उलटून पाहा

प्रश्न : वालाच्या शेंड्यांवर काळा मावा आहे, वांग्याचे शेंडे माना टाकतात, भेंडीची पाने पिवळी पडली आहेत. निंबोळी अर्क दोनदा फवारला, गुण आला नाही. घरच्या भाजीवर रासायनिक औषध मारायचे नाही. तंबाखूचे पाणी चालेल का?

उत्तर : तंबाखूचे पाणी नको. निकोटिन जहाल विष आहे, कातडीतूनही अंगात भिनते. झाडातून निघाले म्हणून ते सौम्य होत नाही. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणूची लागण होऊ शकते, ती वेगळीच.

तुमच्या तिन्ही तक्रारींना एकच औषध लागू पडणार नाही. अर्काचा गुण का आला नाही, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

आधी वाल. माव्याची मादी नराशिवायच जिवंत पिल्ले घालते आणि ती पिल्ले साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले घालू लागतात. म्हणून एक फवारा मारून स्वस्थ बसता येत नाही. सकाळी पाण्याची जोरदार धार शेंड्यावर आणि पानांच्या खालून मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. तरी उरला तर लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली, सौम्य द्रवरूप साबण मिसळून फवारा. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. पान करपले नाही तरच पुढे जा. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो, त्यामुळे वरवरचा फवारा वाया जातो.

वेलावर मुंग्यांची रांग दिसते का, तेही पाहा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. वेलाच्या आधाराच्या काठीला कागद गुंडाळून त्यावर ग्रीसचा पट्टा द्या. खोडाला थेट ग्रीस लावू नका. आणि एक विनंती. माव्यातच करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर मारू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा हेच तिचे अन्न. ती कीड समजून चिरडणारे मी बरेच पाहिले आहेत. फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तर त्यात इवल्या परजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते. तेही राहू द्या. अशा वेळी साबणाचा फवारासुद्धा आवरता घ्यावा.

वांग्याच्या मान टाकलेल्या शेंड्यात गुलाबीसर अळी असते. चिरून बघा, आत पोकळी आणि विष्ठा सापडेल. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती आत शिरते, मग बाहेरून काहीही फवारा, तिला समजतही नाही. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून शेंडा कापा, पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा. झाडाखाली टाकलात तर अळी तिथेच कोष करील. भोक पडलेली वांगीही अशीच काढा. दोन-चारच झाडे असतील तर स्वच्छ केल्यावर बारीक जाळी घालणे सर्वांत सोपे. वांग्याला फळधारणेसाठी मधमाशीवाचून सहसा अडत नाही. हीच जाळी दोडका-काकडीवर फुलोऱ्यात ठेवाल तर फळच धरणार नाही.

भेंडीचे पान उजेडासमोर धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर तो केवडा, म्हणजे विषाणूचा रोग. उलट, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तेही कोवळ्या पानांवर, तर बहुधा लोहाची कमतरता आहे, कीड नाही. केवड्याचे झाड सुधारत नाही, लगेच उपटा. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. झाड हलवल्यावर पांढरा भुरका उडाला तर ती आहे असे समजा आणि पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या किंचित वर लावा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासूनही काम भागते.

आता निंबोळी अर्क. जुन्या बिया, दुपारचे ऊन किंवा चार दिवस ठेवलेला अर्क, यांपैकी काही असेल तर गुण येत नाही. त्यातला किडीवर काम करणारा घटक, ॲझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतो. चालू हंगामातल्या सावलीत वाळवलेल्या बियांच्या मगजाची 50 ग्रॅम भरड पुरचुंडीत बांधून सकाळी पाण्यात घाला, संध्याकाळी पांढरट पाणी निघेपर्यंत पिळा, एक लिटर करा, थोडा साबण मिसळा आणि त्याच संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. किडी पटापट मरून पडतील ही अपेक्षा ठेवू नका. त्या खाणे सोडतात, पिल्लांची कात नीट निघत नाही, म्हणून फरक आठवड्याने कळतो.

आणि युरिया देत असाल तर सध्या थांबवा. नत्र जास्त झाले की लुसलुशीत फूट येते आणि मावा तिथेच येऊन बसतो.