अमेरिकेत गुन्हे वाढलेत का कमी झालेत? रिपब्लिकन एक सांगतात, डेमोक्रॅट दुसरंच, नक्की खरं कोणाचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलीला मास्टर्सला कॅलिफोर्नियाला पाठवायचंय, एका व्हिडिओत दुकानं लुटताना दिसतात, दुसऱ्या बातमीत खून कमी झाले म्हणतात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना खोटारडे ठरवतात, तर बापाने विश्वास कोणावर ठेवायचा.

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, सतरा वर्षं आहे, गेली काही वर्षं मतदानही करतो, त्यामुळे दोन्हीकडचं भरपूर ऐकून झालंय. मला विचाराल तर आकडा हा नुसता बहाणा आहे हो. व्हाइट हाउसमध्ये आपला माणूस आहे का त्यांचा, आणि पोलिसांचा दंडुका सध्या कोणाच्या पाठीत बसतोय, एवढं बघून लोक आकडा वाचतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इथे इंग्रजीत नाही पण पाळतात सगळे.

आधी आकड्यांचं उरकतो. एफबीआय ही केंद्राची तपास यंत्रणा देशभरच्या पोलिसांकडून आकडे गोळा करते. त्यांच्या हिशोबाने हिंसक गुन्हे सगळ्यात जास्त होते १९९१ च्या आसपास आणि आज प्रमाण त्याच्या निम्म्यावर आलंय. मधे २०२० ला, कोविडच्या वर्षी, खून एका दमात जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले, तेव्हा ट्रम्प होते. २०२३ ला घसरले, २०२४ ला अजून जवळपास १५ टक्क्यांनी उतरले, तेव्हा बायडेन होते. आता बघा, २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर गॅलप या जनमत चाचणीवाल्यांनी विचारलं की गेल्या वर्षीपेक्षा देशात गुन्हे वाढलेत का, तर रिपब्लिकन लोकांतले ९० टक्के हो म्हणाले आणि डेमोक्रॅट लोकांतले २९ टक्के. देश तोच, वर्ष तेच.

बरं, गल्लीतल्या चोरीशी राष्ट्राध्यक्षाचा संबंध किती, तर फारच थोडा. आपल्याकडे निदान पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली असतात, एसपीची बदली मंत्रालयातून होते. इथे देशात सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणा आहेत, गावाचे पोलीस वेगळे, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ वेगळा, ट्रेनचे वेगळे, युनिव्हर्सिटीचे सुद्धा वेगळे. आणि सरकारी वकील, ज्याला सगळे डीए म्हणतात, तो बहुतेक राज्यांत चक्क निवडून येतो, रस्त्याच्या कडेला पाट्या बिट्या लावून. आपल्याकडे उज्ज्वल निकम खटले गाजवून झाल्यावर लोकसभेला उभे राहिले, इथे खटले चालवायलाच आधी उभं राहावं लागतं. तर कोणाला आत टाकायचं आणि कोणाला समज देऊन सोडायचं हे बऱ्याच अंशी हा डीए ठरवतो, आणि भांडणाचा खरा अड्डा तोच आहे, टीव्हीवर मात्र तो क्वचित दिसतो.

आता माझ्या गाडीची काच. एका रविवारी समुद्रावर गेलो होतो, कॉफी घ्यायला वीस मिनिटं लागली असतील, परत येऊन बघतो तर मागची छोटी काच फोडलेली आणि पोराच्या सीटवर सगळा चुरा, साखर सांडावी तसा. बॅग गायब. बॅगेत काय होतं, तर पोराचे ओले कपडे आणि पुण्याहून आईने मित्रासाठी पाठवलेला अर्धा किलो गोडा मसाला. चोराने घरी जाऊन वास घेतला असेल तेव्हाचं तोंड बघायला मला आवडलं असतं. असो. काचेला खर्च आला ४०० च्या आसपास आणि माझ्या इन्शुरन्समध्ये पहिले ५०० डॉलर आपल्याच खिशातले, म्हणजे क्लेम करून उपयोग शून्य, मग पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म तरी कशाला भरायचा, नाही भरला. शेजारच्या बाईंची काच दोनदा फुटलीय, त्यांनीही एकदाच भरला म्हणे. म्हणजे एफबीआयच्या वहीत माझी काच नाहीच.

हे एकट्या माझं नाही. सरकारचाच दुसरा एक सर्व्हे आहे, तो घरोघरच्या लोकांना विचारतो की तुमच्या बाबतीत काही झालं का, आणि त्यात दर वर्षी दिसतं की मारहाण जबरी चोरीसारखे हिंसक गुन्हे सुद्धा साधारण निम्मे पोलिसांपर्यंत पोचत नाहीत, चोऱ्यामाऱ्या तर त्याहून कमी पोचतात. २०२४ च्या प्रचारात एक बाजू एफबीआयचा कागद फडकवत होती आणि दुसरी या सर्व्हेचा, आणि खोटा कुठलाच नव्हता! खुनाचा आकडा मात्र त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण प्रेत लपत नाही.

आमचे सांगलीचे मामा दर सहा महिन्यांनी एक व्हिडिओ पाठवतात, 'कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ'. मामा, माफ नाहीये. २०१४ ला लोकांनी प्रपोझिशन ४७ नावाचा ठराव मतदानाने पास केला, त्यात ९५० च्या आतली दुकानातली चोरी हा किरकोळ गुन्हा ठरला, तरी सहा महिन्यांपर्यंत जेल होतीच. आणि टेक्सास, जिथे रिपब्लिकनांचं राज्य आणि शिक्षेचा एवढा दरारा, तिथे चोरी मोठा गुन्हा धरायला २५०० डॉलरची हद्द आहे. हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, 'अरे पण व्हिडिओत दिसतंय ना.' दिसतंय हे पण खरंच. माझ्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात टूथपेस्ट, शाम्पू, कपडे धुण्याचं लिक्विड सगळं प्लास्टिकच्या दाराआड कुलपात असतं, बटण दाबायचं, वर दिवा लुकलुकतो, मग पाच मिनिटांनी एक पोरगी किल्ल्यांचा जुडगा घेऊन येते आणि कोणती हवी विचारते, आणि मला उगीच चोर असल्यासारखं वाटतं. सहा डॉलरच्या टूथपेस्टसाठी! कायद्यात गुन्हा आहेच, पण पोलीस येत नाहीत, आले तर डीएकडे वेळ नाही, त्यामुळे दुकानदाराच्या लेखी माफ असल्यासारखंच.

पण ४७ आला कुठून ते कोणी सांगत नाही. १९९४ ला याच कॅलिफोर्नियात 'तीन वेळा सापडलास तर संपलास' छापाचा कायदा आला, तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप, आणि त्यात एका माणसाला पिझ्झाची एक स्लाइस चोरल्याबद्दल खरोखर ती शिक्षा झाली होती, नंतर कमी केली म्हणा. तुरुंग इतके तुंबले की २०११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा. म्हणजे सव्वापटीच्या वर भरलेला तुरुंग ही सुधारणा! तेव्हा लोक सैल झाले, मग सैलपणाचा वैताग आला. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या पक्क्या डेमोक्रॅट शहराने २०२२ ला आपल्याच डीएला, चेसा बुडीनला, मुदत संपायच्या आधी मत देऊन घरी पाठवलं. नोव्हेंबर २०२४ ला प्रपोझिशन ३६ आलं, ४७ पुन्हा आवळणारं. गव्हर्नर न्यूसम विरोधात होते तरी ६८ टक्क्यांनी पास. त्याच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याने डेमोक्रॅट कमला हॅरिसना ५८ टक्के दिले. हॅरिस स्वतः आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या डीए, मग राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे सगळ्यात वरच्या सरकारी वकील, आणि ३६ ला काय मत दिलं विचारल्यावर सांगायला नाही म्हणाल्या.

आमच्या घरी पोस्टाने मतपत्रिका येते, सोबत जाडजूड पुस्तिका. जेवण झाल्यावर टेबल पुसून मी आणि बायको बसलो, तिने हॅरिसचा गोल भरला आणि खाली ३६ ला 'हो' चा पण भरला, एका झटक्यात. मी म्हटलं, अगं हे दोन उलटं नाही का होत. म्हणाली, 'उलटं टीव्हीवाल्यांना वाटतं, मला रात्री आठला ट्रेनने यायचं असतं.' मी पुस्तिका अर्धा तास वाचत बसलो आणि ३६ ला 'नाही' दिलं, कारण शिक्षा लांबवून चोर सापडत नाही असं माझं अजून मत आहे, पकडला जाण्याची खात्री असेल तर माणूस घाबरतो, कागदावरच्या वर्षांना नाही. काच फुटलेला मी, आणि 'नाही' पण माझंच. बायको अजून टोमणे मारते.

पक्ष तरी एका जागी कुठे असतात. १९९४ चा कडक फेडरल, म्हणजे केंद्राचा, क्राइम कायदा डेमोक्रॅटांचा, सिनेटमध्ये बायडेननी पुढे रेटला आणि क्लिंटननी सही केली. शिक्षा थोड्या सौम्य करणाऱ्या २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टवर सही ट्रम्पची. मग २०२० ला ट्रम्प बायडेनना म्हणणार की तुम्ही काळ्या लोकांना आत टाकलंत, आणि त्याच प्रचारात हेही म्हणणार की तुम्ही गुन्हेगारांना मोकाट सोडाल.

राष्ट्रीय सुरक्षेत तर याहून मजा. ९/११ नंतर सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणारा पॅट्रियट ॲक्ट सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ ने पास, विरोधात एकटे डेमोक्रॅट सिनेटर रस फाइनगोल्ड. तेव्हा पाळतीबद्दल शंका घेणारा देशद्रोहीच. एप्रिल २०२४ ला प्रश्न आला की परदेशी लोकांवर पाळत ठेवताना अमेरिकन माणसाचे मेसेज हाती लागले तर ते चाळायला आधी वॉरंट घ्यावं का, आणि हाउसमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, मतं पडली २१२ विरुद्ध २१२, बरोबरी म्हणजे दुरुस्ती पडली. दोन्हीकडे दोन्ही पक्षांचे लोक, कट्टर उजवे आणि कट्टर डावे एका बाकावर.

एफबीआयचंही तेच. २०१६ ला मतदानाच्या अकरा दिवस आधी एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख कोमी यांनी डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटनच्या ईमेलच्या चौकशीचं पत्र काढलं तेव्हा डेमोक्रॅट चवताळले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयने ट्रम्पच्या मार-ए-लागो या घराची झडती घेतली तेव्हा रिपब्लिकन. २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेल्यावर डावीकडून घोषणा होती, पोलिसांचा पैसा बंद करा (मिनियापोलिसच्याच मतदारांनी पुढच्या वर्षी पोलीस खातं बदलायच्या ठरावाला नाही म्हटलं, ते सोडा). दोन वर्षांत तीच घोषणा उजवीकडून, फक्त पोलिसांच्या जागी एफबीआय. आणि 'पोलिसांच्या पाठीशी' म्हणत झेंडे लावणाऱ्यांच्या नेत्याने २० जानेवारी २०२५ ला सहा जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या दंगलीतल्या सुमारे १५०० जणांना माफी देऊन टाकली, ज्या दंगलीत १४० च्या आसपास पोलीस जखमी झाले होते. पोलिसांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने ट्रम्पलाच पाठिंबा दिला होता, तिलाही हे रुचलं नाही, तसं तिने जाहीर सांगितलं. त्याआधी दीड महिना बायडेननी, देणार नाही देणार नाही म्हणत, स्वतःच्या पोराला, हंटरला, त्याच्यावरच्या फौजदारी केसेसमधून माफी दिली होतीच. तेव्हा आमच्या ऑफिसातले दोन्ही गट एकेक आठवडा गप्प होते, फार शांत गेले ते दिवस.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पनी वॉशिंग्टन शहरात नॅशनल गार्डचे सैनिक उतरवले. डेमोक्रॅट म्हणाले, इथे २०२३ ला २७४ खून होते, २०२४ ला १८७ झाले, मग आणीबाणी कसली. बरोबर आहे. पण १८७ हा पण काही आनंदाचा आकडा नाही सात लाखांच्या शहराला, आणि डेमोक्रॅट महापौर बाईंनीच नंतर सांगितलं की कुमक आल्यावर गाड्या हिसकावण्याचे प्रकार कमी झाले. तेही बरोबर. सैनिक गेल्यावर काय, यावर दोन्हीकडून फारसं कोणी बोलत नाही, माझं मत विचाराल तर रस्त्यावर सैनिक ही सवय वाईटच.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर राज्याचा किंवा देशाचा आकडा बघूच नका, काही कळत नाही त्यातून. १९९० पासून क्लेरी ॲक्ट म्हणून कायदा आहे, त्याने जवळजवळ प्रत्येक कॉलेजला वर्षाला गुन्ह्यांचा अहवाल काढावा लागतो आणि कॅम्पस पोलीस असतील तर रोजची नोंदवहीही उघडी ठेवावी लागते, कुठे, कधी, काय झालं. ती वही तीन महिन्यांची वाचा, कॉलेजच्या साइटवर बहुधा सापडते. सायकल चोरीच जास्त दिसेल. आणि गाडी घेतली तर सीटवर बॅग सोडू नको म्हणावं, चार्जरची वायर सुद्धा नाही.

मधे मला ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं, पत्र आलं होतं. इथे दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर देतात, तेवढ्यात पार्किंग पण होत नाही. चोरीचीच केस होती. जज बाईंनी एकेकाला विचारलं, साक्षीदार पोलीस आहे एवढ्यावरून तुम्ही त्याच्यावर जास्त विश्वास ठेवाल का, किंवा कमी? माझ्या डावीकडचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, जास्त, माझा भाऊ पोलिसात होता. उजवीकडची काळी बाई म्हणाली, कमी, माझाही भाऊ पोलिसात होता. सगळं कोर्ट हसलं, ती नाही हसली. माझी पाळी आली तेव्हा मी काचेचं सांगितलं, मसाल्याचं पण सांगितलं, तरी निष्पक्ष राहीन म्हटलं. आरोपीच्या वकिलाने हसून थँक यू म्हटलं आणि मला घरी पाठवलं.