ब्राशोवजवळची तटबंदीची चर्च: आधी किल्ली कुणाकडे ते विचारा

तुम्ही लिहिलंय, नोव्हेंबरात रोमानियातल्या ब्राशोवला दोन दिवस, त्यात प्रेजमेर, विस्क्री, बिएर्तान या तिन्ही गावांतली तटबंदीची चर्च बसवायचीत, आणि पर्यटकांचं माहिती केंद्र म्हणतंय 'सगळं रोज उघडं असतं'. तुमचं हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं ठणकलं. व्हिसा, गाडी तुम्ही बघितलीच असेल, त्यात पडत नाही.

मलाही अशाच एका केंद्राने (नाव घेत नाही) वेळापत्रक हातात ठेवलं होतं. ते निघालं उन्हाळ्याचं. एका लहान गावात थंडीत कुडकुडत पोचलो तर दाराला कुलूप. फोन केला तर उत्तर, 'तो आमचा विषय नाही'. मग तुमचा विषय कुठला, बाबांनो? दिवस गेला, गाडीचं भाडं गेलं. तिथे असं आहे की ही चर्च बांधणारे सॅक्सन, म्हणजे तिथले जर्मनभाषक, १९८९ नंतर बहुतेक जर्मनीला निघून गेले. लहान गावांत किल्ली शेजारच्या कुणाकडे असते. दारावर फोन नंबर चिकटवलेला दिसला तर लाजू नका, सरळ लावा.

तिन्हींचा हट्ट सोडा, असं माझं मत. प्रेजमेर मात्र चुकवू नका, ब्राशोवहून जवळ आहे. सुमारे १२ मीटर उंच गोल तट, आणि त्याला आतून चिकटून मजल्यांवर मजले खोल्या, अडीचशेहून जास्त. खोल्यांबाहेर लाकडी जिने नि सज्जे, थेट गिरगावातली चाळ! तुर्क-तातारांची धाड आली की प्रत्येक कुटुंब धान्य घेऊन आपापल्या खोलीत. वर तटातल्या अंधाऱ्या वाटेने फिरताना जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करायची भोकं, दिसतील. आपल्या गडांवर हिंडलेल्या माणसाला तिथून निघवत नाही. टॉर्च न्या, जिने खडे आहेत. सुटे लेई, म्हणजे तिथलं चलन, तेही ठेवा.

बिएर्तान सिगिशोआरा शहराच्या बाजूला, तिकडे जाणार असाल तरच. तिथल्या एका खोलीच्या दाराचं कुलूप १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं; एक किल्ली फिरवली की चहूबाजूंचे अडसर एकदम सरकतात. विस्क्रीचं नाव ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या तिथल्या घरामुळे झालंय, पण चर्च त्याहून सरस. गाडीशिवाय मात्र जिकिरीचं. आणि ब्रानच्या किल्ल्यावर ड्रॅक्युलापायी अर्धा दिवस घालवणार असाल तर तो या चर्चांसाठी ठेवा, असं मी म्हणेन. पटलं तर बघा.

माझी माहिती जुनी आहे, वेळा बदलल्या असतील. निघण्याआधी थेट चर्चलाच फोन करा, केंद्राला नको.